टपावरची मखमल

डॉक्टर रेठरेकरांनी जीपच्या टपावर आधी लाल मखमलीचा तुकडा ठेवला, चारही बाजूंनी बोटांनी तो सारखा केला आणि मग त्यावर अँटेनाचं चुंबकी बूड इतकं अलगद टेकवलं की पाहणाऱ्याला वाटावं, मखरात गणपती बसतोय. मी त्यांच्या दवाखान्याच्या अंगणात हातात ड्रिल घेऊन उभी होते. ड्रिल मी घरून आणलं होतं, वायरसकट, आणि त्यांच्या कंपाउंडरनं ती वायर खिडकीतून आत घेऊन जोडलीही होती. आता मी तिथे लग्नघरी चुकून आलेल्या प्लंबरसारखी दिसत असणार.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "रंगाला ओरखडासुद्धा नाही."

"डॉक्टर, चुंबक लोखंडाला धरतं. मखमलीला धरत नाही."

"चुंबकाचं बळ आरपार जातं, प्राध्यापकबाई. हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला?"

आरपार जातं, पण मधे जितकं अंतर पडेल तितकं ते झपाट्यानं कमी होत जातं, हे मी कराडच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना दर वर्षी शिकवत होते. त्या पोरांना ते कळायचं. मी एक बोट लावून बूड जरासं ढकललं. ते मखमलीवरून कॅरमच्या सोंगटीसारखं सरकलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दाम त्यांची कवळी पाडली, आणि बूड पुन्हा जागेवर आणून ठेवलं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आमच्या हौशी रेडिओ मंडळाचे ते अध्यक्ष होते, कारण मंडळाच्या बैठका त्यांच्या गच्चीवर व्हायच्या आणि चहा त्यांच्या घरचा असायचा. हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, आपल्या घरच्या यंत्रावरून कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी बोलायचं. मोबाइल तेव्हा आमच्याकडे आलेले नव्हते. आम्ही बाकीचे लोक आपापली यंत्रं जोडत-दुरुस्त करत असू. डॉक्टरांचं यंत्र अमेरिकेतल्या जावयानं आणून दिलं होतं, अँटेनाही त्यानंच. त्यांचं रेडिओवरचं बोलणं म्हणजे स्वतःचं नाव, पद आणि हवामान. समोरचा काय म्हणतो ते ऐकण्यासाठी बटण सोडावं लागतं, हा त्या छंदातला भाग त्यांना कधी आवडलाच नाही.

तो अँटेनाही पाहण्यासारखा होता. गरजेपेक्षा कितीतरी उंच, चांदीसारखा चकचकीत, आणि टोकाला मंडळाच्या नावाचं तिकोनी निशाण. निशाण डॉक्टरांनी स्वतः शिवून घेतलं होतं. मी म्हटलं, निशाणात वारा भरेल, फांद्यांत अडकेल. ते म्हणाले, लोकांना लांबून कळायला नको का, गाडी कोणाची आहे ते. त्यांचा ड्रायव्हर दस्तगीर बाजूला उभा राहून मखमलीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि बऱ्याच वर्षांच्या नोकरीनं तो तसा केला होता.

माझ्या जुन्या फियाटच्या टपाला मी स्वतः मधोमध भोक पाडलं होतं. भोवतालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, खालून-वरून रबराच्या चकत्या घालून नट आवळला आणि वरून लाख ओतली. कितीतरी पावसाळे गेले, थेंब आत आला नाही. अँटेना गाडीचाच एक अवयव झाला पाहिजे, नाहीतर तो नुसता मुकुट. हे मी डॉक्टरांना तीनदा सांगून चुकले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी नव्या जीपकडे बघून मान हलवली होती. बाप मुलीच्या कानाला भोकं पाडून घेतो, पण या माणसाला पत्र्याची दया येत होती.

मी एवढी जीव तोडून भांडत होते, कारण त्या जीपमागे माझा स्वार्थ होता. सांगते.

साकुर्लीच्या घाटात मोटारसायकलींची शर्यत भरणार होती. वरच्या पठारावरून सुटायचं, जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं घाट उतरायचा आणि खाली धरणाकाठच्या मैदानावर पोचायचं. एकेक चालक काही काही अंतरानं सुटणार. घाटात ना वस्ती, ना फोन, म्हणून आयोजकांनी आमच्या मंडळाला मदतीला बोलावलं होतं. या शर्यतीत माझा भाऊ शिरीष भाग घेणार होता.

शिरीष माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले आणि तो चौथीत असताना आईही गेली. त्याला मी वाढवला. मी लग्न केलं नाही त्याचं खापर लोक त्याच्यावर फोडायचे. ते खोटं होतं, पण मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण त्यामुळे माझी सोय व्हायची. शिऱ्यानं जुनी येझ्दी घेऊन ती स्वतः उघडून पुन्हा जोडली होती आणि दोन महिने तो माझ्यामागे लागला होता. नको म्हणायला मला काही कारण सापडेना, फक्त भीती होती. शेवटी मी एक अट घातली. शेवटच्या चालकाच्या मागून एक गाडी यायला हवी, तिच्यात रेडिओ हवा, आणि तो रेडिओ घाटाच्या प्रत्येक वळणावरून बोलला पाहिजे. मग जा.

आयोजकांना ही कल्पना आवडली. डॉक्टरांनाही आवडली, पण वेगळ्या कारणानं. मागून येणारी गाडी म्हणजे मिरवणुकीतल्या शेवटच्या हत्तीसारखी, सगळ्यांच्या नजरेत भरणारी. ती जागा त्यांनी तिथल्या तिथे स्वतःकडे घेतली. मी म्हटलं, जीपमध्ये मी बसते. ते म्हणाले, छे, तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्ही खाली केंद्र सांभाळा. मंडळातल्या कोणालाही अध्यक्षांचं मन मोडायचं नव्हतं, कारण चहा.

चिठ्ठ्या टाकून क्रम लागला आणि शिऱ्याच्या वाट्याला सगळ्यात शेवटचा क्रमांक आला. म्हणजे त्याच्या मागे कोणी चालक नाही, फक्त डॉक्टरांची जीप. तो पडला, धडपडला तर ते सांगणारं जगात एकच यंत्र होतं, आणि ते यंत्र मखमलीवर उभं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी शिऱ्याला हे सगळं सांगितलं. तो साखळीला तेल लावत होता.

"ताई, तू त्या माणसावर फार जळतेस," तो म्हणाला.

"जळायला त्याच्याकडे काही असावं लागतं. मला त्याची किळस येते."

"अगं, आपल्या मंडळासाठी करतोय ना तो. हौशी माणूस आहे."

"हौस आहे, अक्कल नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार."

शिऱ्या हसला. त्याला सगळीच माणसं चांगली वाटायची, हा दोष माझ्या वाढवण्यातलाच असणार. मी सकाळी जाऊन मखमल काढून टाकीन म्हणाले. तो म्हणाला, काढ, पण भांडू नकोस, नाहीतर तो जीपच आणायचा नाही, मग तुझ्या अटीप्रमाणे माझी शर्यत बुडेल. सकाळी गेले तर अँटेनाला हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता, आणि डॉक्टर जीपजवळ उभे राहून फोटो काढून घेत होते. मी निदान एक दोरी तरी बांधा म्हटलं. फोटोत दोरी वाईट दिसेल म्हणाले.

खाली मैदानाच्या कडेला एक उघडी टेकडी आहे, तिथे मी फियाट चढवली. दारं उघडी टाकून पुढच्या सीटवर बसले, मांडीवर माइक. पठारावर आमच्या मंडळाचे एक पोस्टमास्तर होते, ते एकेक चालक सुटला की कळवत. खाली एकेक येऊन पोचत होता, धुळीनं माखलेला, खिदळत. आयोजक ढोलताशा वाजवत होते. पोस्टमास्तर म्हणाले, शेवटचा सुटला, ताई, तुमचा शिरीष. मागोमाग अध्यक्षांची जीपही निघाली.

मग डॉक्टर बोलले. "केंद्र, केंद्र, मी मंडळाचा अध्यक्ष डॉक्टर रेठरेकर बोलतोय. हवा आल्हाददायक आहे. सर्व काही माझ्या नियंत्रणाखाली आहे." मी विचारलं, पुढची मोटारसायकल दिसते का. त्यांनी बटण सोडलंच नसावं, कारण पुढचं वाक्यही हवेबद्दलच होतं. त्यानंतर यंत्र गप्प झालं.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. तो माणूस गप्प बसणं ही नेहमी चांगलीच बातमी असायची. मग शिऱ्याच्या पुढचा चालक पोचला. त्याला मी हाक मारून विचारलं, तर तो म्हणाला, मागे कोणी दिसलं नाही, पण वळणं इतकी आहेत की दिसणारच नाही. आता शिऱ्या यायला हवा होता. मी रस्त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथून एक म्हैस आली, तिच्यामागे एक बाई आली. शिऱ्या आला नाही.

मी जीपला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पोस्टमास्तरांनी वरून मारली. घाटाच्या अध्येमध्ये फक्त खरखर होती. आयोजकांपैकी एक जण, डोक्यावर फेटा बांधलेला, टेकडी चढून आला आणि म्हणाला, काळजी करू नका मॅडम, डॉक्टरसाहेब वाटेत चहाला थांबले असतील. घाटात चहा कुठे मिळतो असं मी विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. चार माणसं आणि एखादी गाडी घाटात पाठवा म्हटलं, तर म्हणाला, पाहुणे यायचेत, बक्षीस समारंभ आहे, थोडं थांबू या.

मला गाडी काढून घाटात शिरायचं होतं. फियाट त्या रस्त्यावर पहिल्या ओढ्यातच बसली असती, पण ते कारण नव्हतं. मी टेकडी सोडली असती तर ऐकणारं कोणी राहिलं नसतं. जीप बोलली तर मलाच ऐकू येणार होती. म्हणून ज्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याच्या आवाजाची वाट बघत मी जागेवर बसून राहिले. मनातल्या मनात मी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला येऊ नयेत अशा त्या होत्या. देवाला काही मागितलं नाही. तोंड शिव्यांत गुंतलेलं होतं.

आणि एकदम आवाज आला. इतका स्वच्छ, की डॉक्टर शेजारच्या सीटवर बसलेत असं वाटावं.

"केंद्र, केंद्र. चालक दरीत पडलाय. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. मांडी मोडलीय, रक्त फार जातंय. मोठ्या जांभळाच्या वळणाखाली. रुग्णवाहिका पाठवा. ऐकलंत का?"

आणि त्यांनी बटण सोडलं. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बटण वेळेवर सोडलं.

"ऐकलं," मी म्हणाले. "निघाली. जखमेच्या वर घट्ट बांधा." चालक कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रुग्णवाहिका गेली. शिऱ्याला वर काढला, कराडला नेला, मांडीत सळई घातली. शल्यचिकित्सक मला बाहेर येऊन म्हणाले की तासभर आणखी तसाच पडून राहिला असता तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं. तिथे डॉक्टर रेठरेकर होते. त्यांच्या शर्टावर रक्ताचा डाग होता आणि तो त्यांनी धुतला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही.

पंधरवड्यानं नगर वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. डॉक्टर बोलायला उभे राहिले. आपण घाट निम्मा उतरून गेलो होतो, ते म्हणाले, आणि एकाएकी आतला आवाज म्हणाला, रेठरेकर, मागे फिर. मी फिरलो. का फिरलो ते मला माहीत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मनापासून. मला माझीच लाज वाटत होती. माणूस बडबड्या असेल, मिरवत असेल, पण वेळेला उभा राहिला, आणि आपण त्याला मखमलीवरून जोखत बसलो, असं मी स्वतःला सुनावलं. जवळजवळ दोन महिने मी त्या माणसाचा आदर केला. त्या आदराचा मला अजून राग येतो.

शिऱ्यानं तर खाटेवरूनच त्यांचा फोटो भिंतीवर लावायला सांगितला.

मग जूनमध्ये दस्तगीर माझ्याकडे आला. त्याच्या मुलीला अकरावी सायन्सला प्रवेश हवा होता आणि तिचे गुण चांगले होते, नुसतं कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. मी त्याला बसवलं, चहा टाकला. शिऱ्याची चौकशी झाली. मी म्हटलं, डॉक्टरांना तो आतला आवाज आला नसता तर आज हे घर रिकामं असतं. दस्तगीरनं कप बशीत ठेवला.

"आवाज न्हाई वो बाई," तो म्हणाला. "अँटेना पडला हुता."

पडला? कुठे? मी विचारलं. त्यालाही कळलं की हे मला ठाऊक नव्हतं. पण आता बोलून गेलाच होता, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं सगळं सांगितलं.

घाट सुरू झाल्या झाल्या डॉक्टरांनी कॅसेट लावली होती, मोठ्या आवाजात. जांभळाच्या वळणावर निशाण फांदीत अडकलं आणि अँटेना मखमलीवरून निघून वायरीसकट मागे राहिला. कोणाला पत्ता नाही. खाली ओढ्याशी कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा डॉक्टरांना केंद्राशी बोलायची हुक्की आली. यंत्र मुकं. उतरून बघतात तर टप मोकळा. डॉक्टर तिथेच कपाळाला हात लावून उभे राहिले. जावयानं अमेरिकेतून आणलेली वस्तू. त्यांनी जीप वळवायला सांगितली. अख्ख्या वाटेनं ते फक्त वर झाडांत बघत होते. अँटेना जांभळाच्या दरीकडच्या फांदीला निशाणानं लोंबकळत होता. दस्तगीर झाडावर चढला.

"रस्त्यावरनं कायबी दिसत न्हवतं. कारवी माणसाएवढी वाढल्याली. वर चढलो तवा खाली फटफटीची लाल टाकी दिसली. म्हटलं सायेब, खाली पोरगं पडलंय. सायेब म्हनाले, आधी अँटेना काढ. वाकवू नको."

"आधी अँटेना काढ" हे बरोबरच होतं, हे मला कबूल करावं लागेल. त्याच्याशिवाय मला हाक गेली नसती. मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. "वाकवू नको" एवढं मात्र त्यांचं स्वतःचं.

मखमल न घालता दस्तगीरनं अँटेना थेट बॉनेटवर चिकटवला आणि डॉक्टर बोलले. तोवर हा गडी कारवीतून खाली उतरला होता आणि पोराची अवस्था त्यानंच खालून ओरडून सांगितली होती. शिऱ्याची मांडी त्यानं स्वतःच्या पागोट्यानं बांधली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसला. वर आणताना डॉक्टरांनी हात लावला, तेव्हा त्यांच्या शर्टाला डाग लागला. सत्काराच्या दिवशी दस्तगीर सभागृहाबाहेर जीप राखत उभा होता. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, यात सायेबांचं नाव वाईट करू नका, अन्न खातो मी त्यांचं. मी बरं म्हटलं. त्याच्या मुलीला पुढची दोन वर्षं मी घरी शिकवलं, आणि तो त्यालाच उपकार समजत राहिला.

त्याला मी शब्द दिला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. चारचौघांत नाही, एकट्याला गाठून बोलणार होते. रुग्ण नव्हता. डॉक्टर स्वतःच दाताच्या खुर्चीत रेलून पेपर वाचत होते. भिंतीवर मानपत्र, काचेत. मी उभ्यानंच बोलले. आतला आवाज वगैरे थापा आहेत, तुम्ही तुमच्या चकचकीत काडीसाठी मागे फिरलात, माझ्या भावाचं तुमच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ज्यानं त्याला पाहिला, बांधला, धरून बसला त्याचं तुम्ही नावसुद्धा घेतलं नाही, असं सगळं मी एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान गोरेमोरे होतील. त्यांनी पेपराची घडी घातली.

"दस्तगीर बोलला वाटतं," ते म्हणाले. "बोलू दे. भला माणूस आहे. अहो, सभेत असंच बोलायचं असतं. अँटेना पडला म्हणून फिरलो, असं सांगितलं असतं तर लोक हसले असते. त्यात तुमच्या भावाची काय शोभा?"

"माझ्या भावाची शोभा?"

"मग कोणाची? बसा. एक विचारतो, रागावू नका. तुमचं ऐकून मी टपाला भोक पाडलं असतं, नट आवळला असता, तर अँटेना पडला असता का?"

"नसता पडला."

"मग मी मागे फिरलो असतो का?"

मी भिंतीवरच्या मानपत्राकडे पाहिलं.

"सरळ खाली आलो असतो. सर्व ठीक म्हणून कळवलं असतं. मग तुमचा भाऊ पोचला नाही म्हणून शोधायला माणसं निघाली असती. अख्खा घाट. रस्त्यावरून तर तो दिसतच नव्हता, झाडावर चढल्याशिवाय. आणि झाडावर कशाला कोण चढतंय?" हे सगळं ते हिणवून सांगत नव्हते. एखाद्याला दाताची निगा समजावून सांगावी तसे शांतपणे, थोडे कंटाळून सांगत होते. "तुम्ही शास्त्र शिकवता. तुम्हीच सांगा, काय बरं होतं?"

मी उत्तर शोधलं. दोरी, मखमल, निशाण, कॅसेट, सगळं पुन्हा एकदा मांडून पाहिलं. शल्यचिकित्सकांचा तो तास मधे घातला. कुठूनही जोडलं तरी जोडणी एकच येत होती. शहाण्या बहिणीचं ऐकलं असतं तर शिऱ्या त्या कारवीत मेला असता. तो जगला तो या माणसाच्या मिरवण्यामुळे, त्याच्या कंजूष जीवामुळे आणि दोन पैशांच्या अकलेमुळे. यातलं एक जरी कमी असतं तरी जगला नसता.

आणि शिऱ्या जगला होता. त्या वेळी घरी तो कुबड्या घेऊन व्हरांड्यात चालायला शिकत होता आणि पडला की स्वतःशीच हसत होता.

मी खुर्चीला वळसा घालून पुढे गेले, खाली वाकले आणि डॉक्टर रेठरेकरांच्या पायांना हात लावला. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या क्षणी तसूभरही बदललेलं नव्हतं, आणि ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली तरी बदललेलं नाही. असा पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी दोन्ही हातांनी नमस्कार केला, नीट, आईला करायचे तसा.

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले, आणि मला वाकायला सोपं जावं म्हणून त्यांनी पाय जरा पुढे केले.